निळा बोर्ड काही खास नाही

७ मार्च, गुरुवार

युए-श्या म्हणाली, मनात येईल ते गिऱ्हाइकाला ऐकवण्यापेक्षा वहीत लिहीत जा. गिऱ्हाईक टिकेल आणि रक्तदाबही आटोक्यात राहील. बायकोचा सल्ला फुकट असतो, वही मात्र विकत आणावी लागली.

आज जिएनदादा आले. तायपेइच्या सरकारी बसवर हयात घालवलेला माणूस. दुकानात शिरतानासुद्धा आधी दोन्ही बाजूंना मान वळवतो. नुकतेच निवृत्त झालेत. मिळालेला सगळा फंड घालून नदीपलीकडे सानछोंगला नेट-कॅफे काढणार आहेत. वीस कॉम्प्युटर हवेत. तयार खोक्यातले नकोत, एकेक भाग पारखून जुळवलेले हवेत.

"शेठ, मला यातलं ओ की ठो कळत नाही," ते म्हणाले. "मला एवढंच कळतं, की बस रस्त्यात बंद पडली की लोक ड्रायव्हरला शिव्या घालतात. कारखान्याला कुणी घालत नाही."

"मग दादा, खुर्च्या, स्क्रीन, रोषणाई, सगळं नंतर. आधी मदरबोर्ड. बाकी काहीही बिघडलं तरी बदलता येतं. तो गेला की मशीन आडवं."

"मग कुठला घ्यायचा?"

"तेच सांगायची तर मी भाकरी खातो."

"तुम्ही भात खाता," दादा म्हणाले आणि स्वतःच हसले. मग गंभीर झाले. "बायकोने भिशीसुद्धा यात ओतलीय. सहा महिन्यांत हे बंद पडलं, तर या वयात मला परत बस कुणी देणार नाही. एवढं लक्षात असू द्या."

पुलाखालच्या आमच्या कॉम्प्युटर-बाजारात मला 'नको-शेठ' म्हणतात. गिऱ्हाईक एखाद्या चकचकीत बोर्डावर बोट ठेवतं, मी म्हणतो, 'नको.' का नको, तेही सांगतो. मग ते मान डोलावून शेजाऱ्याकडे जातं आणि तोच बोर्ड घेतं. पण बंद पडल्यावर दुरुस्तीला माझ्याकडेच येतं. प्रतिष्ठा म्हणतात ती हीच.

९ मार्च, शनिवार

निवड दोघांत आली आहे. एक तपकिरी, एक निळा.

मदरबोर्ड निवडणं म्हणजे भाड्याने घर घेणं. दलाल दिवाणखाना दाखवतो. शहाण्याने मोरीचा पाइप बघावा. मी बोर्ड आधी तळहातावर तोलतो. हलका लागला, की कुणीतरी तांब्यात हात मारला आहे असं समजावं. मग दिव्यासमोर आडवा धरतो. वाकडा असेल तर जन्मभर वाकडाच वागतो. मग कपॅसिटर बघतो. प्रोसेसरशेजारी रांगेत उभ्या असलेल्या, पत्र्याच्या चिमुकल्या डब्या. विजेचा झोत त्याच सांभाळतात. डबी दमली, की बोर्ड दमला.

तपकिरी बोर्ड दिसायला सरकारी कचेरीसारखा आणि महाग. कपॅसिटर जपानी. निळा देखणा, जड, सरळ, किंमत बेताची. कपॅसिटर इथलेच, नव्या कुठल्याशा कारखान्याचे. शेजारचा हुआंग म्हणाला, "जपानी ते जपानी." हा आमच्या सासऱ्यांच्या पिढीचा रोग. ते लहानपणी, इथे जपान्यांचं राज्य असताना, जपानी शाळेत गेले होते, म्हणून मरेपर्यंत त्यांना खिळासुद्धा जपानी लागायचा. माझा तो धर्म नाही.

शिवाय निळा बोर्ड ज्या कंपनीचा, तिथे माझा मेहुणा छी-शुन आहे. तपासणी खात्यात. वाईट बोर्ड बाहेर जाऊ नये म्हणून कंपनी त्याला पगार देते. याहून मोठी हमी कुठली?

१० मार्च, रविवार

सासूबाईंकडे जेवण. आम्ही आत पाऊल टाकलं आणि त्यांनी नेहमीची आरती सुरू केली : "या, या, बसा. आज काही केलेलंच नाही. खाण्यासारखं काहीच नाही. खरंच काही नाही." टेबलावर वाफवलेला मासा, सोया, तीळतेल आणि दारू अशा तीन पेल्यांत शिजवलेली कोंबडी, बांबूचे कोंब, कोलंबी, दोन तऱ्हेच्या भाज्या आणि सूप. टेबलावर जागा नव्हती म्हणून भाताचं भांडं खुर्चीवर. 'काही नाही'ला हे लागतं. 'थोडंसं केलंय' म्हणाल्या असत्या तर शेजाऱ्यांचं टेबल मागवावं लागलं असतं.

मी छी-शुनला म्हटलं, "एका गिऱ्हाइकाला तुमचा निळा बोर्ड लावावा म्हणतोय. वीस नग."

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "आमच्याकडे काही खास नाही, दाजी. दुसरं काही बघा."

"अरे, फार नम्रपणा बरा नाही."

"खरंच काही खास नाही. तपकिरी बघा तुम्ही. ते लोक चांगलं काम करतात."

प्रतिस्पर्ध्याची स्तुती! याला म्हणतात संस्कार. पोराला बापाविना वाढवलं, पण सासूबाईंनी वळण चांगलं लावलं. मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हटलं, "असं बोलणाऱ्याचाच माल चांगला असतो." त्याने माशाचा गालाजवळचा मऊ भाग काढून माझ्या वाटीत ठेवला. तो मान द्यायचा तुकडा. स्वतः मात्र त्याने माशाला हात लावला नाही.

परतताना युए-श्या म्हणाली, "छी-शुन मासा सोडतो तेव्हा त्याचं काहीतरी बिनसलेलं असतं. शाळेत नापास झाला होता तेव्हाही सोडला होता."

मी म्हटलं, "पोट बिघडलं असेल."

१६ मार्च, शनिवार

दोन्ही बोर्ड चाचणीला लावलेत. बिस्किटाच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात, पंख्याशिवाय, खाली हीटर. हुआंग येऊन हात शेकतो आणि विचारतो, "शेठ, कुठला आधी शिजेल?" कुठलाच शिजला नाही. निळा तर तपकिरीपेक्षा गार राहिला. हातच्या काकणाला आरसा कशाला!

२० मार्च, बुधवार

आज छी-शुन स्वतः दुकानात आला. हा माणूस लग्नाचं आमंत्रणही फोनवरून उरकतो. कामावरून सुटून, गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र शर्टात खुपसून आला होता. डब्यात चालू असलेला निळा बोर्ड बराच वेळ बघत राहिला. मग थैलीतून ग्वाइ-ग्वाइची एक पिशवी काढली आणि बोर्डाच्या डोक्यावर, डब्याच्या झाकणावर ठेवली.

सगळा बाजार हसला. यंत्राशेजारी मक्याच्या कुरकुऱ्यांची ही पिशवी ठेवायची पद्धत सगळ्यांचीच. नावातच आहे : ग्वाइ-ग्वाइ, शहाण्यासारखा वाग. बँकेत ठेवतात, इस्पितळात ठेवतात, कारखान्यात ठेवतात. पण हिरवी. खोबऱ्याच्या चवीची, हिरवी. हिरवा दिवा म्हणजे सगळं ठीक. आमच्या इंजिनीअरसाहेबांनी आणली होती पिवळी! पंचमसाल्याची. पिवळी ठेवली की यंत्र बिघडतं, हे बालवाडीतल्या पोराला ठाऊक असतं.

हुआंग ओरडला, "शेठ, मेहुण्याला सिग्नल शिकवा!"

छी-शुन हसला नाही. म्हणाला, "असू दे, दाजी. हीच राहू दे."

"अरे वेड्या, पिवळी चालत नाही."

"म्हणूनच म्हणतो, राहू दे." मग विचारलं, "वीसच्या वीस आत्ताच लावायला हवेत का? थोडं थांबता नाही येणार? पुढच्या वर्षीपर्यंत?"

"दादांचं कॅफे एप्रिलमध्ये उघडायचंय. मुहूर्त काढलाय."

"बरं," तो म्हणाला आणि चहा न घेता गेला. मी कोपऱ्यावरून हिरवी पिशवी मागवली आणि पिवळी फोडून हुआंगला दिली. खाताना तो म्हणाला, "चव चांगली आहे." एकूण, एवढं शिकून माणसाला रंग कळत नाहीत. किंवा मग घरच्यांना सवलत द्यावी लागेल या धास्तीने टाळाटाळ करत असेल. पैशाचा प्रश्न आला की संस्कार पातळ होतात.

२२ मार्च, शुक्रवार

निळा ठरवला. कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुढे बदलता येणार नाही : वजन चांगलं, सरळपणा चांगला, चाचणीत पहिला. आणि दुसरं कारण असं, की नको-शेठने स्वतःच्या मेहुण्याच्या मालाला नको म्हटलं, हे उद्या बाजारात कळलं असतं आणि परवा सासूबाईंना.

युए-श्याला सांगितलं. तिने विचारलं, "छी-शुन काय म्हणाला?"

"म्हणाला, आमच्याकडे काही खास नाही."

"मग?"

"मग काय मग?"

ती पुन्हा हिशोबाला लागली. बायकांना प्रश्न विचारायचा असतो, उत्तर नको असतं.

१३ एप्रिल, शनिवार

कॅफेचं उद्घाटन. फटाके, फुलांची तबकं, दारात केळी-अननस, उदबत्त्या. वीस मशीन, वीस हिरव्या पिशव्या. पिशव्यांच्या तारखाही मी तपासून घेतल्या. मुदत संपलेली ठेवली की यंत्र रुसतं. दादांनी निळी टोपी घातली होती, बसवरचीच, बिल्ला काढलेली. प्रत्येक मशीन स्वतः सुरू केलं आणि प्रत्येक वेळी पुटपुटले, "चला, निघू या."

छी-शुनला बोलावलं होतं. आला नाही. मुलगी तापली म्हणे.

३० जून, रविवार

फुटबॉल वर्ल्ड कपचा शेवटचा सामना. कॅफेत पाय ठेवायला जागा नव्हती. अर्धे खेळतात, अर्धे बघतात, सगळे झटपट शेवयांचे पेले घेऊन बसतात. बाहेर पाणीकपात आणि आत एसीचं पाणी टपकतंय. दादांनी वीस मशीनना विसावा दिलेला नाही आणि एकही कुरकुरलं नाही. बाजारात मी निळ्याची शिफारस सुरू केली आहे. हुआंग म्हणतो, "शेठ हो म्हणायला लागले, प्रलय जवळ आला."

२२ ऑगस्ट, गुरुवार

मधले दिवस लिहिण्यासारखे नव्हते. आज आहे.

दुपारी दादांचा फोन. सात नंबरच्या मशीनमधून फट् आवाज आला आणि स्क्रीन काळा. सध्या चांद्र पंचांगाचा सातवा महिना, म्हणजे 'भाऊबंद' मोकळे सुटलेले. भुतांना आम्ही या दिवसांत भाऊबंदच म्हणतो, नाहीतर त्यांना राग येतो. दादांनी विचारलं, "कुणी भाऊबंद आत आला असेल का?"

मी म्हटलं, "दादा, भाऊबंदांना मशीन लागत नाही, ते माणसाला धरतात." पॉवर सप्लाय बदलला. चालू झालं नाही. बोर्ड बाहेर काढला. दोन कपॅसिटरची डोकी फुगून फाटली होती आणि त्यातून तपकिरी चीक आला होता. वास सडक्या कोलंबीचा. बाजारात याला म्हणतात ते दाबल्यावर मलई बाहेर येणाऱ्या पावाला म्हणतात तेच : 'भरलेला फुटला'.

एखादा नग निघतो तसा. बदलून दिला. दादा दारात भाऊबंदांसाठी टेबल मांडून उदबत्त्या लावतात. तो धूरही मशीनला बरा नाही, हे मी त्यांना सांगितलं.

५ सप्टेंबर, गुरुवार

आणखी तीन. तीन नंबरचं, अकरा नंबरचं आणि दादा ज्यावर हिशोब ठेवतात ते. मी एसी दमट असल्याचं सांगितलं, पोरं पेले सांडतात हे सांगितलं, सानछोंगची वीज वरखाली होते हेही सांगितलं. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

दादा म्हणाले, "शेठ, बसचं इंजिन फुटलं की डेपोतले लोक रस्त्याला दोष देतात. मला ती यादी पाठ आहे."

दुकानातला चाचणीचा निळा बोर्ड डब्यातून काढून पाहिला. तोही फुगलाय.

२१ सप्टेंबर, शनिवार

मध्यशरद सण, पौर्णिमेचा. सासूबाईंच्या गच्चीवर चिमणीभर धूर, वर चंद्र, खाली कोळसे. सगळी गल्ली मांस भाजत असते; चंद्राला काय दिसत असेल देव जाणे. दादांच्या कॅफेत आठ मशीन मेलीत. पोरं चौकातल्या दुसऱ्या कॅफेत जायला लागलीत.

मी छी-शुनला कोपऱ्यात घेतलं. "तुला माहीत होतं?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की."

"कधी?"

"जेवताना. 'आमच्याकडे काही खास नाही' म्हणालो."

"ते सगळेच म्हणतात!"

"'खरंच' म्हणालो."

"तुझी आई टेबल मोडेस्तोवर वाढते आणि 'खरंच' म्हणते!"

कोळशापाशी बसलेल्या सासूबाई ओरडल्या, "माझं काय?"

"काही नाही, आई," छी-शुन म्हणाला. मग मला हळू आवाजात, "नंतर पिवळी पिशवी ठेवून गेलो."

"मला वाटलं, तुला रंग कळत नाहीत."

"दाजी, मी तपासणी खात्यात आहे."

मग त्याने सांगितलं ते असं. ज्या नव्या कारखान्यातून कपॅसिटर येतात, त्यांनी आतल्या रसायनाची कृती कुठूनशी उचलली, पण अर्धीच. सुनेने सासूची कृती ऐकून लिहावी आणि सासूने मुद्दाम एक जिन्नस गाळावा, तसं. काही महिने ठीक चालतं, मग पोटात वायू धरतो. त्यांच्या खात्याला हे जानेवारीतच कळलं. वरून हुकूम आला : साठा संपेपर्यंत तोंड बंद, सही करा, बोलेल तो घरी. त्याची मुलगी यंदा शाळेत घातलीय.

"सरळ तोंडाने सांगितलं असतंस तर मी कुणाला बोललो असतो का?"

तो म्हणाला, "दाजी, तुम्ही?"

युए-श्या पंख्याने कोळसे फुलवत होती. मान न वळवता म्हणाली, "मी तुला सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतंस?"

"की तो मासा खात नव्हता."

या घरात सगळे सांगतात, बोलत मात्र कुणी नाही. माझ्या मते चूक त्याचीच. माणसाने स्पष्ट असावं. मी स्पष्ट आहे म्हणून तर बाजारात नाव आहे.

१ ऑक्टोबर, मंगळवार

एक प्राध्यापक निळा बोर्ड मागायला आले. उन्हाळ्यात मीच शिफारस केली होती.

आता पेच असा. छी-शुन माझा मेहुणा आहे हे सगळ्या पुलाखाली माहीत आहे. मी निळ्याला नावं ठेवली, की ती संध्याकाळपर्यंत कंपनीत पोचणार, आणि तिथे विचारणार : नको-शेठला आतलं कुणी सांगितलं? पोराची नोकरी माझ्या जिभेवर टांगलेली.

म्हणून म्हटलं, "निळ्यात तसं काही खास नाही हो."

प्राध्यापक दिलखुलास हसले. "शेठ, मेहुण्याचा माल म्हणून किती नम्रपणा!"

"खरंच काही खास नाही."

"मग दोन द्या. एक मुलासाठी."

पिशवीत घालून दिले. पावतीवर शिक्का मारला.

६ ऑक्टोबर, रविवार

छी-शुन आता रविवारी दादांच्या कॅफेत येतो, घरून सोल्डरिंगचं, म्हणजे डाख देण्याचं, सामान घेऊन. मेलेल्या बोर्डांवरचे फुगलेले कपॅसिटर उपटून जपानी बसवतो. हात चांगला आहे. एका दिवसात दोन-तीन बोर्ड जिवंत होतात, तोवर पलीकडे एखादा मरतो. गळक्या होडीतून पाणी उपसण्यासारखं आहे. माझ्या दुकानातले तपकिरी बोर्ड होते तेवढे मी लावले. सगळे बदलायचे तर दुकानच उचलून द्यावं लागेल.

दादांनी त्याला विचारलं नाही, तो कोण. मी सांगितलं, "नातेवाईक आहे, हौशी आहे." दादांच्या बायकोने दोघांना वाटी भरून डुकराच्या मांसाचा भात वाढला. दादांनी भाड्याच्या जागेचा मालक येऊन गेल्याचं सांगितलं. महिनाअखेरपर्यंत बघतो म्हणाला. शेवटी विचारलं, "शेठ, बंदच करू का? आता केलं तर निदान खुर्च्या विकल्या जातील."

मी सांगितलं, वितरकाचा माणूस पुढच्या रविवारी पाहणीला येणार आहे, तोवर धीर धरा. वितरकाने बोर्ड खराब असल्याचं मानलं, तर सगळे बदलून मिळतात. 'वापर चुकीचा' लिहिलं, तर काही नाही.

१३ ऑक्टोबर, रविवार

वितरकाचा त्साइ नावाचा माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, हातात कॅमेरा. त्याने एसीचा फोटो काढला, उदबत्तीच्या पात्राचा काढला, कीबोर्डवर वाळलेल्या शेवईचा अगदी जवळून काढला. बोर्डाचा काढला नाही.

"दमट हवा, धूर, धूळ, अखंड वापर," तो म्हणाला. "आमचा बोर्ड घरगुती वापरासाठी आहे. वेंगशेठ, तुम्ही जाणकार. तुम्हीच सांगा."

मी जाणकार. मी म्हटलं, "हवेचाही थोडा भाग असेलच. पण नगांमध्येही कदाचित, म्हणजे एखाद्या खेपेत, असं होतं कधीकधी. दोन्ही बाजूंनी थोडं समजून घेतलं तर…"

 दादांनी मागच्या टेबलाकडे मान वळवली. तिथे छी-शुन पाठमोरा, बनियनवर, डाख देत बसला होता. "ए पोरा," दादा म्हणाले, "तू रविवारी येऊन हे उघडून बघतोस. बोर्ड खराब आहे का?"

मी पुढे झालो. "दादा, त्याला काय विचारता, तो हौशी आहे."

"शेठ, मी चाळीस वर्षं बस चालवली. ब्रेक गेलेला असेल तर डेपोतला माणूस, तुम्ही बाजारात म्हणता तसं, 'आमचे ब्रेक काही खास नाहीत' असं म्हणत नाही. तो म्हणतो, गाडी काढू नको. मी त्याला विचारतोय. बोर्ड खराब आहे का?"

छी-शुनने सामान खाली ठेवलं आणि वळला. त्साइने त्याला ओळखलं. ते मला त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं. छी-शुनलाही दिसलं असणार.

"हो," तो म्हणाला. "खराब आहे. आम्हाला जानेवारीपासून माहीत आहे."

पोरं खेळतच होती. कुणाच्या तरी स्क्रीनवर किल्ला पडला आणि आरडाओरडा झाला. त्साइने कॅमेरा बंद केला, म्हणाला, "मी वर कळवतो," आणि दादांना नको असलेलं व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी देऊन गेला.

दादांच्या बायकोने विचारलं, "आम्हाला म्हणजे कुणाला?" छी-शुनने राहिलेला बोर्ड पूर्ण केला.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

छी-शुनने 'स्वखुशीने' राजीनामा दिला. स्वखुशीचा मसुदा कंपनीनेच टाइप करून ठेवला होता म्हणे. त्याला फक्त नावाचा शिक्का उमटवायचा होता. सासूबाई फोनवर युए-श्याशी बोलतात, मी उचलला तर 'चुकून लागला' म्हणतात.

मी त्याला दुकानात ये म्हटलं, पगार देईन. म्हणाला, "नको, दाजी." हा खरा नकार की मानाचा? आमच्याकडे खरा नकार तिसऱ्यांदा कळतो. मी तिसऱ्यांदा विचारलं. म्हणाला, "नको. पण जिएनदादांचं काम पुरं होईपर्यंत येतो."

आता मात्र मी बाजारात निळ्याला 'नको' म्हणतो. आता कुणाचं काही जात नाही. हुआंग म्हणतो, "उशीर केलात." मी म्हटलं, "पुरावा हाती येईपर्यंत जबाबदार माणूस बोलत नाही." प्राध्यापकांना फोन केला. उचलला नाही.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी कॅफेसमोर टेम्पो उभा राहिला. वितरकाने वीसच्या वीस बोर्ड बदलून पाठवले. सोबत पत्र नाही, माफी नाही, पावतीवर 'ग्राहक-स्नेह' असा शेरा. दादांच्या बायकोने उदबत्ती लावायला घेतली, दादांनी तिला बाहेर लावायला सांगितलं. महिना संपला तरी घरमालकाला दादांनी परवापर्यंत थांबवून धरलंय.

खोकं उघडलं. निळेच आहेत. तीच कंपनी, तोच बोर्ड, फक्त एका कोपऱ्यात नवा आकडा. कपॅसिटरवर आता जपानी नाव आहे. पण नाव काय, कुणीही छापतं.

मी एक बोर्ड छी-शुनच्या हातात दिला. "हा बरा आहे का रे?"

त्याने तो खिडकीकडे नेला, उलटसुलट बघितला, कपॅसिटरच्या माथ्यावरून अंगठा फिरवला. "माहीत नाही."

"म्हणजे खराब आहे म्हणतोस, की माहीत नाही म्हणतोस?"

"माहीत नाही, दाजी. मी आता तिथे नसतो. आता मलाही खोक्यावर लिहिलंय तेवढंच कळतं."

टेम्पोवाला सही मागत होता. दादांनी सही केली, शटर पुरतं वर ढकललं आणि म्हणाले, "लावा. शाळा सुटायच्या आत चालू झालं पाहिजे."

छी-शुनने पेचकस उचलला. दादा माझ्याकडे बघत होते, मी काहीतरी म्हणेन म्हणून. बोर्डाबद्दल आतलं काही ज्याला ठाऊक असेल असा माणूस आता आमच्यात कुणी नव्हता.